माईंनंतरचा शनिवार: गोष्ट सांगणाऱ्या आजी गेल्यावर एका सोसायटीने काय केलं

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडमध्ये म्हातोबा टेकडीच्या बाजूला एक जुनी सोसायटी आहे. तीन इमारती, साठेक बिऱ्हाडं, मधे बकुळीचं झाड आणि त्याला बांधलेला पार. या पारावर दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका मुलांना गोष्टी सांगायच्या. सगळं आवार त्यांना माई म्हणायचं, म्हणून इथेही माईच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कशानंतर काय घडलं तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुलांना गोष्टी सांगण्यासाठी जी कथामाला सुरू केली, तिच्या शिबिरांमधून तयार झालेल्या अनेक शिक्षकांपैकी माई एक. नोकरी संपल्यावर त्यांनी सोसायटीत गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि सत्तावीस वर्षं तो शनिवार टिकवला. पहिल्या वर्षीच्या श्रोत्यांची मुलं आता पारावर बसत होती. शेवटच्या काळात चार ते अकरा वयाची वीस-पंचवीस मुलं यायची.

त्या तासाची घडण नीट सांगायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावरच अडले.

साडेपाचला माई एका पितळी डब्यावर चमच्याने तीनदा वाजवायच्या. डब्यात चणे-फुटाणे असायचे. डबा हातोहात फिरायचा आणि नियम एकच होता: आधी शेजारच्याच्या हातावर घालायचे, मग आपण घ्यायचे. मावळतीचं ऊन माई स्वतःच्या तोंडावर घ्यायच्या आणि मुलांना सावलीकडे तोंड करून बसवायच्या. ऊन डोळ्यांवर आलं की चार वर्षांचं मूल पाच मिनिटांत चुळबुळ करू लागतं. लहान पुढे, मोठी मागच्या पायरीवर.

गोष्टी तीन. पहिली सात-आठ मिनिटांची, पालुपद असलेली, लहानांसाठी. दुसरी पंधरा मिनिटांची. तिसरी माईंची स्वतःची, आणि ती कधीच त्या दिवशी संपायची नाही. ऐन वळणावर थांबवून माई म्हणायच्या, "उरलेली पुढच्या शनिवारी."

उशिरा आलेल्या मुलाला कुणी रागवायचं नाही. माई गोष्ट न थांबवता एका वाक्यात मागचं सांगून त्याला आत घ्यायच्या: "ये रे, राजा आत्ताच विहिरीत पडलाय." वॉचमनची आणि घरकाम करणाऱ्या बायकांची मुलंही येऊन बसायची. एकदा दोन-तीन घरांनी त्यावर कुरकुर केली, तेव्हा माई वाद घालत बसल्या नाहीत. दोन शनिवार त्यांनी पार सोडून गेटजवळच्या कट्ट्यावर गोष्ट सांगितली. सगळी मुलं तिकडे गेली आणि विषय संपला.

अडखळत बोलणारा एक मुलगा होता. एकट्याने बोलताना अडखळणारी बरीच माणसं इतरांबरोबर एका सुरात बोलताना अडखळत नाहीत, हे वाचा-उपचार करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. माईंनी त्याला कधी "सावकाश बोल" म्हटलं नाही. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आली की "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि सुरुवात त्याने हात उंचावून करून द्यायची, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं. गोष्ट त्याच्या हातावर चालायची.

काय घडलं

जूनमधल्या एका बुधवारी पहाटे माई घरीच हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या. मुलगी जवळ होती. माईंनी नेत्रदानाचा अर्ज भरून ठेवलेला होता आणि घरच्यांना तो कुठे आहे हे ठाऊक होतं, हे महत्त्वाचं. नाहीतर अशा वेळी कागद शोधण्यातच तास जातो. नेत्रपेढीला लगेच फोन केला, पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी दिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं. इथे ते तीन तासांत झालं. दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. मुलं शाळेत होती.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात वेगळं उत्तर तयार होतं. कुणी सांगितलं "देवाघरी गेल्या". कुणी "गावाला गेल्या". एका घरात "झोपेतच गेल्या, भाग्यवान" असं मोठी माणसं आपसात बोलली आणि ते मुलाने ऐकलं. दोन घरांनी काहीच सांगितलं नाही. मुलं दुसऱ्या दिवशी खाली खेळायला भेटली आणि उत्तरं एकमेकांशी ताडून पाहू लागली.

तिथून तीन गोष्टी पुढे आल्या. साडेपाच वर्षांचा एक मुलगा गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री झोपायला तयार होईना. सात वर्षांच्या एका मुलीने आईला विचारलं, "माईंचे डोळे कुणी काढले?" जिन्यात मोठ्यांचं बोलणं अर्धवट तिच्या कानावर पडलं होतं. आणि दहा वर्षांचा एक मुलगा "माहितेय मला" म्हणून क्रिकेटला पळाला, त्यावरून मोठ्यांनी ठरवलं की याला काही वाटलेलं नाही.

तिन्ही वागणी वयाला धरून होती. पाच वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे पुरतं कळलेलं नसतं. शरीराचं काम थांबतं, ते पुन्हा सुरू होत नाही आणि प्रत्येकाच्या बाबतीत हे होतं, या गोष्टी साधारण पाच ते सात या वयात हळूहळू उमगू लागतात आणि नऊ-दहापर्यंत बहुतेकांना स्पष्ट होतात. लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. "झोपेत गेल्या" म्हटलं की झोप धोक्याची ठरते. "गावाला गेल्या" म्हटलं की ते गाडीची वाट बघत बसतं. मुलांचं दुःख सलग चालत नाही. दहा मिनिटं रडणं, मग खेळ, मग रात्री अंथरुणात एकदम प्रश्न. क्रिकेटला पळालेल्या मुलाने त्याच रात्री बाबांना विचारलं होतं की माईंचा डबा आता कोणाकडे आहे.

माई गेल्या तेव्हा शनिवार तीन दिवसांवर होता.

शनिवारी काय करायचं: समोरचे पर्याय

गुरुवारी रात्री पाच पालक आणि माईंची मुलगी एकत्र बसले. चार पर्याय निघाले.

पहिला, शनिवार बंद ठेवायचा. सुतक आहे, आवारात दुखवटा आहे, पारावर मुलं हसली तर बरं दिसणार नाही. यावर मुलगीच म्हणाली, सुतक आमच्या घराला आहे, शेजारच्या मुलांना नाही. आईला बंद शनिवार आवडला नसता. दुसरा, त्या वेळी मोठ्यांची शोकसभा घ्यायची. तिसरा, कुणीतरी नेहमीसारखी गोष्ट सांगायची, म्हणजे मुलांना फरक जाणवणार नाही. चौथा, वेळ, जागा आणि डबा तेच ठेवायचे, पण गोष्ट सांगायची नाही; काय झालं ते खरं सांगायचं आणि मुलांना बोलू द्यायचं.

तिसरा पर्याय बराच वेळ चर्चेत राहिला, कारण तो सगळ्यांत दयाळू वाटत होता. आमच्या मते तो सगळ्यांत नुकसानीचा ठरला असता. मुलांना फरक जाणवणारच होता. आपल्याला जे जाणवतंय ते मोठ्यांना दिसत नाही किंवा त्यांना बोलायचं नाही, एवढंच ती त्यातून शिकली असती. पहिल्या पर्यायातला तोटा वेगळा. माई गेल्या आणि त्यांच्यापाठोपाठ शनिवारही गेला, असं दोन्ही एकदम झालं असतं.

चौथा पर्याय ठरला.

काय सांगायचं ते आधी लिहून काढलं

शुक्रवारी दुपारी सगळ्या पालकांना एकच मजकूर पाठवला आणि शनिवारच्या आधी घरी सांगा असं कळवलं. मजकूर असा होता:

"माई बुधवारी वारल्या. त्यांचं हृदय बरेच दिवस आजारी होतं, ते बंद पडलं. हृदय बंद पडलं की माणूस श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येत नाही. आपल्याला सर्दी-ताप येतो तसा हा आजार नव्हता. झोपल्यामुळे कुणी मरत नाही. तुला रडू आलं तर चालेल, नाही आलं तरी चालेल."

यातला शब्द न् शब्द तोलून घेतलेला होता. "वारल्या" हा शब्द काही जणांना कठोर वाटला, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. "म्हाताऱ्या झाल्या होत्या म्हणून" हे मुद्दाम टाळलं. तसं म्हटलं की मूल घरातल्या आजोबांकडे बघतं. तरी कुणी विचारलंच की माझी आजी पण मरणार का, तर "आजी आज ठणठणीत आहे, आणि तुझ्याकडे बघायला आम्ही सगळे आहोत" असं सांगायचं ठरलं. कधीच मरणार नाही असं वचन द्यायचं नाही. "देवाघरी" म्हणायला कुणाला मनाई केली नाही, पण क्रम सांगितला: आधी शरीराचं काय झालं ते, मग घरची श्रद्धा. आधी देवाघर सांगितलं की मूल पत्ता विचारतं.

डोळ्यांविषयी वेगळी ओळ लागली. "माईंनी आधीच लिहून ठेवलं होतं की मी गेल्यावर माझे डोळे ज्यांना दिसत नाही त्यांना द्या. डोळ्यावर काचेसारखा पातळ पडदा असतो, तो डॉक्टर दुसऱ्याला बसवतात. माईंना तेव्हा दुखलं नाही." सात वर्षांच्या त्या मुलीला हे सांगितल्यावर तिने विचारलं, मग त्या माणसाला माईंच्या गोष्टी दिसतील का. आईने खरं तेच सांगितलं: गोष्टी नाही दिसणार, पण झाड दिसेल.

तो शनिवार

साडेपाचला डबा माईंच्या मुलीने वाजवला. तिच्या हातून तो दोनदाच वाजला. मागच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "तीनदा असतं," मग तिने तिसऱ्यांदा वाजवला.

चणे फिरले. माईंची बसायची जागा कुणी घेतली नाही आणि तिथे फोटो-हारही ठेवला नाही. बोलायचं काम एका पालकाकडे होतं, आणि दुसऱ्या दोघांनी बाजूला राहायचं, म्हणजे कुणी उठून गेलं तर त्याच्याबरोबर कुणीतरी जाईल. असं एकच मूल उठलं. चाळीस मिनिटांत तास संपवला. मुलांनी माईंविषयी जे सांगितलं त्यात थोरवी कुठेच नव्हती, सगळे बारीक तपशील होते: त्या "वाघ" म्हणताना चष्मा काढायच्या, त्यांच्या पदराला आयोडेक्सचा वास यायचा, चणे संपले की त्या डब्याच्या झाकणाला कान लावायला सांगायच्या.

मग एका मुलाने विचारलं, "घुंगराचं काय झालं?"

माईंची त्या वेळची तिसरी गोष्ट गेले पाच शनिवार चालू होती. एका गुराख्याच्या वासराच्या गळ्यातलं घुंगरू हरवतं आणि तो ते शोधत गावोगाव जातो. शेवटच्या शनिवारी तो एका कोरड्या विहिरीशी पोचला होता आणि आतून आवाज आला होता. मोठ्यांपैकी कुणालाही ही गोष्ट माहीत नव्हती. बोलणाऱ्या पालकाने "मला माहीत नाही" असं सांगितलं. तिथल्या तिथे शेवट रचून देण्याचा मोह त्याने आवरला, हा त्या दिवसातला सर्वांत चांगला निर्णय होता.

श्रद्धांजली सभा: जिथे चुकलं

तेरावा झाल्यावर आलेल्या रविवारी सोसायटीने सभागृहात श्रद्धांजली सभा ठेवली. ती एक तास चाळीस मिनिटं चालली. अकरा जण बोलले. मुलांना पुढच्या दोन रांगांत बसवलं होतं. मधे तीन मुलांना ऐनवेळी उठवून "माईंविषयी दोन शब्द बोल" म्हटलं. त्यात अडखळत बोलणारा मुलगाही होता. तो उभा राहिला आणि काहीच बोलू शकला नाही. सभागृह शांत राहिलं, आणि ती शांतता त्याच्यावर पडली. पुढचे तीन शनिवार तो आला नाही.

सभा ठेवण्यात चूक नव्हती. मोठ्यांनाही शोक होता, आणि बोलणाऱ्यांपैकी काही जण स्वतः पारावर बसून मोठे झालेले होते. चूक होती ती दोन वेगळ्या गरजा एका खोलीत कोंबण्याची. मोठ्यांची सभा मोठ्यांपुरती ठेवून मुलांना यायचं तर या, उठायचं तर उठा, एवढी मोकळीक दिली असती तर पुरे होतं. आणि कुठल्याही मुलाला, अडखळणाऱ्या किंवा न अडखळणाऱ्या, न विचारता माइकसमोर उभं करायचं नसतं. माईंनी सत्तावीस वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं.

पुढे गोष्ट कुणी सांगायची

चार जणांनी आळीपाळीने शनिवार घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी एका उत्साही काकांनी माईंची भोपळ्याची गोष्ट घेतली आणि तीही माईंच्या लकबीत. दुसऱ्या मिनिटाला मुलं दुरुस्त्या करू लागली. "माई असं नाही म्हणायच्या." काका थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा दुरुस्ती. शिवाय त्या गोष्टीत म्हातारी वाघ-कोल्ह्यांना चकवून सुखरूप घरी पोचते. एका मुलीने विचारलं, मग माई का नाही वाचल्या? काकांकडे उत्तर नव्हतं. पुढे ते असं ठरलं: "गोष्टीतली म्हातारी वाघापासून वाचली. आजारी हृदयापासून वाचायला भोपळा चालत नाही." साधं उत्तर, पण मुलांना ते पटलं, कारण त्यात गोष्टही खोटी पडली नाही आणि माईही.

त्यानंतर नियम बदलला. सहा शनिवार माईंची एकही गोष्ट मोठ्यांनी सांगायची नाही. प्रत्येकाने आपली, आपल्या आवाजात सांगायची. माईंच्या गोष्टी पहिल्यांदा सांगायचा हक्क मुलांचा. कारण त्या त्यांना शब्दन् शब्द पाठ होत्या आणि मोठ्यांना नव्हत्या.

नवीन सांगणाऱ्यांना सुरुवातीला ज्या अडचणी आल्या त्या नेहमीच्याच: चार वर्षांच्या मुलांना पंचवीस मिनिटांची गोष्ट देणं, हातात पुस्तक धरून त्यात बघत राहणं, मधेच "यावरून काय शिकलो?" विचारणं. यातल्या तिसऱ्या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होतं. ते वाक्य आलं की मुलं गोष्ट ऐकायचं सोडून उत्तर शोधू लागतात. माईंच्या क्रमाकडे, म्हणजे एक छोटी पालुपदाची, एक मध्यम आणि एक अर्धी, परत यायला चौघांना दीड महिना लागला.

अर्धी गोष्ट

घुंगराचा प्रश्न दर शनिवारी येत होता. माईंच्या मुलीला आवराआवर करताना टिपणवही सापडली. तिच्यात प्रत्येक गोष्टीसाठी फक्त चार-पाच शब्द असायचे. घुंगराच्या पानावर लिहिलं होतं: "गुराखी, तीन गावं, विहीर, आवाज कुणाचा?" पुढे काही नाही. म्हणजे पुढचं माईंनीही ठरवलेलं नव्हतं.

हे पान मुलांना दाखवायचं का, यावर मतं दोन होती. एका बाजूचं म्हणणं, कुणीतरी छानसा शेवट लिहावा आणि माईंचा म्हणून सांगावा, मुलांना समाधान मिळेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पान जसं आहे तसं दाखवावं. वही मुलीची होती, म्हणून निर्णय तिच्यावर सोडला. तिने पान दाखवलं.

मोठी मुलं प्रश्नचिन्हाकडे बघत राहिली. एक जण म्हणाला, "म्हणजे त्यांना आपल्याला विचारायचं होतं." तसं होतं की नाही हे सांगता येणार नाही. पण पुढचे तीन शनिवार विहिरीतल्या आवाजाचे शेवट सांगण्यात गेले. विहिरीत पाऊस साठला होता, विहिरीत दुसरा गुराखी होता, आवाज घुंगराचाच होता पण ते आता बेडकाच्या गळ्यात होतं. एकूण चौदा शेवट झाले. क्रमांक काढले नाहीत, टाळ्या सगळ्यांना सारख्या. तिसऱ्या शनिवारी तो अडखळत बोलणारा मुलगा परत आला होता. त्याने शेवट सांगितला नाही. त्याने बेडकाच्या शेवटात सगळ्यांकडून "छुम छुम" म्हणवून घेतलं, हात वर करून.

आवाज जपणं

माईंच्या घरी अकरा कॅसेट निघाल्या, बहुतेक साठ मिनिटांच्या, पारावर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या. शिवाय पालकांच्या फोनमध्ये सुटे तुकडे होते. घाई इथेही नडली.

पहिली कॅसेट एका घरातल्या जुन्या डेकमध्ये थेट घातली. डेकचा रबरी रोलर चिकट झालेला होता, त्याने पट्टी ओढून घेतली. कुणीतरी कॅसेट ओढून काढली आणि पट्टीला सुरकुती पडली. ओढायचं नसतं. डेकचं झाकण उघडून पट्टी बोटांनी मोकळी करायची आणि पेन्सिलीने चक्री फिरवून आत घ्यायची. त्या जागी आता सेकंदभर आवाज बुडतो.

उरलेल्या दहा कॅसेटसाठी रीत ठरली. आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे छोटे तुकडे मोडले, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्डिंग होणार नाही. उजेडात धरून पांढरी बुरशी आहे का पाहिलं. दोन कॅसेटवर होती, त्या बाजूला काढल्या, कारण बुरशी हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, जाऊन दुसऱ्या कॅसेटना लागते. मधल्या पितळी पत्तीवरचा फेल्टचा तुकडा एका कॅसेटचा गळून पडला होता. तो नसेल तर पट्टी हेडवर दाबली जात नाही आणि आवाज घोगरा येतो. स्क्रूची कॅसेट होती, म्हणून पट्टी नव्या कवचात बसवता आली. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घेतली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. डेकचा लाइन-आउट संगणकाच्या लाइन-इनला जोडला, माइकच्या खाचेत नाही. तिथे आवाज फाटतो. वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, एकाच चॅनेलची; तासाला सुमारे ३०० एमबी. एमपी३ नंतर ऐकण्यासाठी बनवली, मूळ प्रत म्हणून नाही. तीन प्रती: दोन वेगवेगळ्या घरांतल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर.

एक तासाची कॅसेट उतरवायला एक तास लागतोच. आठ कॅसेटना तीन आठवडे गेले, आणि ऐकणाऱ्यांना मधे मधे थांबावं लागलं. पारावरच्या कावळ्यांसकट सगळं त्यात आहे.

फोनमधले तुकडे ग्रुपवरून मागवताना आधी ऑडिओ-व्हिडिओ म्हणूनच आले आणि आकार लहान होण्यासाठी पुन्हा दाबले गेले. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगितल्यावर मूळ प्रती मिळाल्या.

याच काळात एका पालकाने माईंचा एक व्हिडिओ न विचारता यूट्यूबवर टाकला. हेतू चांगला होता, पण आईचा आवाज अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवर अचानक ऐकून मुलीला फार लागलं. व्हिडिओ काढला गेला. कायद्यानेही हे विचारूनच करायचं होतं: १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरीकरणावर सादर करणाऱ्याचा हक्क पन्नास वर्षं असतो आणि माईंच्या पश्चात तो वारसांकडे गेला. गोष्टींचं वेगळं बघावं लागतं. चिमणी-कावळ्याची किंवा भोपळ्याची गोष्ट कुणा एकाची नाही. छापील गोष्टीवर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. माईंनी हयात लेखकांच्या काही गोष्टीही सांगितल्या होत्या. त्या फक्त घरच्यांसाठी ठेवल्या. लोककथा आणि माईंच्या स्वतःच्या गोष्टी मुलीच्या लेखी संमतीने सोसायटीतल्या घरांना दिल्या. कॅसेटमध्ये मुलांचे आवाजही आहेत. एका कॅसेटमध्ये "पुढे काय?" म्हणून ओरडणारी मुलगी आज त्याच इमारतीत दोन मुलांची आई आहे.

स्मारक आणि स्पर्धा

जमलेल्या वर्गणीचं काय करायचं यावर नावाचा बाक, पुस्तकांचं कपाट आणि कथाकथन स्पर्धा असे प्रस्ताव आले. स्पर्धा सर्वांना पटली आणि माईंच्या वाढदिवसाला, डिसेंबरमध्ये, ती घेतलीही. पंचविसातल्या सात मुलांनी नावं दिली. सातही जणांनी पालकांनी लिहून दिलेलं पाठ करून म्हटलं. जिंकलेली मुलगी खूश होती, बाकीची सहा गप्प होती आणि पारावरचे नेहमीचे श्रोते आलेच नव्हते. पुढच्या वर्षी स्पर्धा ठेवायची नाही असं ठरलं.

पैशांतून कपाट घेतलं आणि त्यात पुस्तकं भरली. किल्ली महिन्या-महिन्याला एका मुलाकडे असते. बाकावर नाव कोरण्याच्या प्रस्तावाला माईंच्या मुलीने नको म्हटलं. डबा तिने पाराला दिला.

एका वर्षानंतर

शनिवार चालू आहे. वर्षभरात पाच वेळा खंड पडला, त्यातले तीन गणपती, दिवाळी आणि परीक्षांमुळे. मुलांची संख्या थोडी घटली. मोठी तिघं-चौघं क्लासमुळे सुटली. चौघांपैकी एक सांगणारे काका बदलले. झोपायला घाबरणारा मुलगा आठ-दहा दिवसांत पूर्ववत झोपू लागला. त्याच्या आईने पहिले काही दिवस "झोप" आणि "मरण" हे दोन शब्द एका वाक्यात येऊ दिले नाहीत आणि झोपण्याआधी सकाळी काय करायचं ते ठरवायला सुरुवात केली. भोपळ्याची गोष्ट आता मुलंच सांगतात.

पुन्हा वेळ आली तर

पालकांना पाठवायचा मजकूर शुक्रवारी नव्हे, बुधवारी संध्याकाळीच जायला हवा होता. त्या दोन दिवसांत मुलांनी जे आपसात जोडलं, ते नंतर सोडवायला दोन आठवडे लागले.

अकरा वर्षांच्या दोन मुलींनी नंतर विचारलं की आम्हाला शेवटचं बघायला का नेलं नाही. वैकुंठात नेण्याची गरज नव्हती, पण घरी दर्शनासाठी आणता आलं असतं; काय दिसेल ते आधी सांगून, हात धरून, आणि नको असेल तर न नेता. शाळा सुटेपर्यंत थांबणं घरच्यांना शक्य होतं का, हा प्रश्न आहेच, पण तो कुणी विचारलाच नाही.

आवाज माई असतानाच नीट टिपायला हवा होता. त्यासाठी फार लागत नाही: फोन विमान मोडवर, सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि गोष्ट संपल्यावर दहा सेकंद थांबून बंद करायचा. सध्याच्या चौघांचे शनिवार आता असे टिपले जातात, मुलांच्या घरून परवानगी घेऊन.

बुरशी लागलेल्या दोन कॅसेट अजून वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेल्या आहेत. एकीवर माईंच्या अक्षरात "घुंगरू, जुनी" असं लिहिलं आहे. ती व्यावसायिक ठिकाणी साफ करून घ्यायची की नाही, आणि तीत शेवट निघाला तर मुलांना ऐकवायचा की नाही, हे मुलीने अजून ठरवलेलं नाही.